फळी आधी का तापवायची? टी-शर्ट छपाईचा इतिहास आणि माझे रोजचे पहिले तीन नमुने

गेल्या वेळी आपण लॅब नोटबुक कशी लिहावी यावर बोललो होतो. आज त्याच विषयाला दुसऱ्या दाराने येऊ. हे दार कोल्हापुरातल्या एका गल्लीत आहे. आत टी-शर्ट छापायचं यंत्र आहे, रबराचा आणि गरम कापसाचा वास आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझं पीएच.डी.चं काम जाड थरांच्या वायू-संवेदकांवर आहे. धातूच्या ऑक्साइडची पूड, त्यात एक बाइंडर आणि सावकाश वाळणारं द्रावक, अशी पेस्ट करायची आणि ती स्क्रीनमधून काचेवर किंवा अॅल्युमिनाच्या पट्टीवर छापायची. टी-शर्टवर नंबर छापतात तीच पद्धत, फक्त शाईऐवजी ऑक्साइड. आमच्याकडे जाळी ताणून एक्स्पोज करायची सोय नव्हती, म्हणून मी फ्रेम बनवून घ्यायला एका छपाईवाल्या काकांकडे जायचो. त्या दिवशी त्यांच्याकडे फुटबॉलच्या जर्सींचं काम होतं. हंगाम तोंडावर आला की पेठांपेठांतल्या तालमींच्या आणि मंडळांच्या ऑर्डरी एकदमच येतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

सहा हातांचं गोल यंत्र होतं. काकांनी सगळ्या फळ्या रिकाम्याच एकेक करून फ्लॅशखाली फिरवायला सुरुवात केली. फ्लॅश म्हणजे वरून उष्णता सोडणारा पॅनल. एकही शर्ट चढवलेला नाही आणि वीज चालू. मी विचारलं, "काका, रिकामंच का फिरवताय?"

"थंड फळीवर मारलं तर पयले धा शर्ट वाया जात्यात की ओ पाव्हणं. फळी तापू दे, मग बघा."

मी हसलो, फ्रेम घेतली आणि निघालो. त्या वाक्याची किंमत मला दोन महिन्यांनी कळली. ते पुढे सांगतो. आधी प्रश्न असा घेऊ, की छपाईच्या कामात ही सवय आली कुठून? स्क्रीन प्रिंटिंग जुनं आहे. मग फळी तापवायची गरज सुरुवातीपासून होती का?

कागद, केस आणि पिठाची चाळण

स्क्रीन प्रिंटिंगचं मूळ साच्यात आहे. जपानमध्ये इसे भागात 'कातागामी' नावाचे कागदी साचे बनत. तुतीच्या सालीच्या कागदाचे थर कच्च्या पर्सिमॉन फळाच्या रसाने चिकटवायचे, मग त्यात बारीक नक्षी कापायची. साच्याची एक अडचण तुम्हाला लगेच दिसेल. गोलाच्या आत दुसरा गोल कापला तर मधला तुकडा गळून पडतो. त्यावर उपाय म्हणून दोन थरांमध्ये रेशमाचे बारीक धागे ताणले जात. धागे नक्षी धरून ठेवायचे आणि इतके बारीक असायचे, की छापल्यावर दिसत नसत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे साचे मोठ्या संख्येने युरोपात पोचले. तिकडे रेशमी जाळी आधीच तयार होती, पण वेगळ्या कामासाठी. स्वित्झर्लंडमध्ये गिरणीतलं पीठ चाळायला सारख्या विणीचं रेशमी कापड बनायचं. सुटे धागे ताणण्याऐवजी अख्खी जाळीच चौकटीवर ताणली की झाली स्क्रीन. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये अशा छपाईचं पेटंट घेतलं. शाई दाबून पलीकडे ढकलायला त्यांनी ब्रश सुचवला होता. रबरी पट्टीची स्क्वीजी नंतर रुळली.

तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला आणि १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापड गिरणीची पायाभरणी केली, तीच पुढची शाहू मिल. म्हणजे मँचेस्टरमध्ये जाळीचं पेटंट होत असताना पंचगंगेच्या खोऱ्यात मागाचा आवाज सुरू झाला होता. आपला भाग विणण्यात पुढे गेला. छपाई इथे खूप नंतर आली, आणि तीही कापडाच्या ताग्यांपेक्षा बॅनर, पिशव्या आणि टी-शर्टच्या वाटेने.

तोपर्यंत उष्णता ही टेबलाची गोष्ट होती

१९३०च्या दशकात युरोपातल्या कापड छपाईत हाताने चालवायच्या स्क्रीन रुळल्या. लांबच लांब टेबल, त्यावर कापड चिकटवलेलं, आणि दोघं जण चौकट उचलत उचलत पुढे जाणार. शाई पाण्याची. ओल्या नक्षीला लागून लगेच दुसरी चौकट ठेवली तर डाग पडणार. म्हणून एक जागा सोडून एक छापत शेवटपर्यंत जायचं आणि तोवर वाळलेल्या जागांमधल्या मोकळ्या जागा परत येऊन भरायच्या. वाळण्याची वेळ इथे चालण्याच्या वेळेतच मिळवलेली आहे! घाई असेल तिथे टेबलाखालून वाफेच्या नळ्या किंवा विजेची तार फिरवून टेबलच गरम ठेवत.

हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या युक्तिवादाला ते लागेल. गरम टेबलाचा उद्देश पाणी उडवणं हा होता. टेबल थोडं कमी तापलं तर शाई उशिरा वाळायची, एवढंच. छपाई बिघडायचीच असं नाही.

त्याच सुमारास स्क्रीन दोन अगदी वेगळ्या वाटांनी गेली. न्यूयॉर्कमध्ये मंदीच्या काळातल्या सरकारी कलाप्रकल्पात अँथनी व्हेलोनिस यांनी १९३८च्या आसपास चित्रकारांना ही पद्धत शिकवली आणि पोस्टरं छापली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेतल्या सेंट्रलॅब कंपनीने चिनीमातीसारख्या पट्टीवर चांदीच्या आणि कार्बनच्या शाईने मंडलं छापली, तोफगोळ्यातल्या प्रॉक्सिमिटी फ्यूजसाठी. माझ्या प्रबंधाचा वंशवृक्ष या दुसऱ्या फांदीवर लागतो. १९७०च्या दशकात सौरघटांवर चांदीची पेस्ट अशीच छापू लागले, आणि आजही बहुतेक सिलिकॉन सौरघटांवरच्या बारीक रेषा स्क्रीननेच छापतात.

तीन गोष्टी एकत्र आल्या

टी-शर्टकडे परत येऊ. माझ्या मते फळी आधी तापवण्याची गरज निर्माण झाली, ती तीन वेगवेगळ्या गोष्टी एका यंत्रावर भेटल्यामुळे.

पहिली गोष्ट, शाई. १९२६ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हे रबर धातूला चिकटवायचं काहीतरी शोधत होते. त्यात त्यांच्या हाती मऊ, लवचिक पीव्हीसी लागलं. कडक पीव्हीसी जास्त उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवलं तर ते रबरासारखं होतं, हा तो शोध. प्लास्टिसॉल शाई याच कल्पनेवर चालते. पीव्हीसीचे बारीक कण एका तेलकट द्रवात, म्हणजे प्लास्टिसायझरमध्ये, तरंगत असतात. खोलीच्या तापमानाला ही शाई वाळतच नाही. रात्रभर स्क्रीनवर ठेवली तरी जाळी बुजत नाही, म्हणून छपाईवाल्यांना ती आवडली. तापवली की कण द्रव पिऊन फुगतात, शाई जेलसारखी होते, आणि साधारण १६० °से.ला सगळं एकजीव होतं. इथे काही उडून जात नाही. इथला बदल वाळण्याचा नाही, शिजण्याचा आहे.

दुसरी गोष्ट, यंत्र. मायकेल व्हॅसिलँटोन यांनी १९६०च्या सुमारास कपड्यांवर अनेक रंग छापायचं गोल फिरणारं यंत्र वापरात आणलं. १९६७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १८ फेब्रुवारी १९६९ ला ते मिळालं. सुरुवातीचं काम काय होतं माहीत आहे? बोलिंग खेळणाऱ्या संघांच्या कपड्यांवर नावं आणि चिन्हं छापणं. म्हणजे काकांच्या यंत्राचा पूर्वजही खेळाडूंच्या शर्टांवरच जगला! या यंत्रात लांब टेबल गेलं आणि त्याच्या जागी सुट्या फळ्या आल्या. एकेका फळीवर एकेक शर्ट, आणि तीच फळी पुन्हा पुन्हा त्याच जागी.

तिसरी गोष्ट, गडद कापड. काळ्या किंवा लाल शर्टवर पिवळा रंग थेट छापला तर मळकट दिसतो. म्हणून खाली पांढरा थर द्यायचा आणि तो अर्धवट शिजवून, म्हणजे फ्लॅश करून, वर पुढचा रंग मारायचा. हा पांढरा थर हाताला कोरडा लागेल इतपतच जमला पाहिजे, साधारण ११० °से.च्या आसपास. कमी जमला तर पुढच्या स्क्रीनच्या पोटाला चिकटून वर येतो. जास्त शिजला तर वरचा रंग त्याला नीट धरत नाही.

आता तिन्ही एकत्र ठेवा. उष्णता अमुक इतकीच हवी, ती काही सेकंदांत द्यायची, आणि ती देताना शर्टच्या खाली एक जाड फळी बसलेली. लांब टेबलाच्या काळात उष्णता फक्त वेग वाढवत होती. इथे तिच्यावर छपाईचा निकाल ठरू लागला.

अशा सवयींची जन्मतारीख पेटंटात सापडत नाही. पेटंटात यंत्राचे भाग असतात, सकाळी कामाला आल्यावर आधी काय करायचं ते नसतं. पण गरज कधी तयार झाली, हे शाई, यंत्र आणि कापड यांच्या इतिहासावरून काढता येतं. इतिहासात याला परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तो वापरायला शिकावं.

थोडं गणित, पाटीवर मांडता येईल इतकंच

फळी किती उष्णता गिळते ते बघू. अॅल्युमिनियमची फळी ४० सेंमी × ५५ सेंमी, जाडी ६ मिमी धरा. वजन येतं साधारण ३.५ किलो. तिला १ °से. तापवायला सुमारे ३.२ किलोज्यूल लागतात. शर्टचा छापला जाणारा भाग ३० × ३५ सेंमी, कापड १६० ग्रॅम प्रति चौरस मीटर. म्हणजे १७ ग्रॅम सूत, वर पाचेक ग्रॅम शाई. दोघांना मिळून १ °से. तापवायला फक्त ३० ज्यूलच्या आसपास.

गुणोत्तर बघा, शंभरास एक! आपल्याला तापवायची आहे शाई, पण तिच्या खाली तिच्या शंभरपट उष्णता मावेल असं भांडं ठेवलेलं आहे, आणि ते रिकामं आहे. फळीवर रबराचा थर असतो, कापडही उष्णता हळू वाहतं, त्यामुळे सगळी उष्णता लगेच खाली जात नाही. पण बरीच जाते. दर शर्टागणिक फळी थोडी थोडी तापत जाते आणि काही फेऱ्यांनंतर मिळणारी व हवेत जाणारी उष्णता सारखी होते. तोवर प्रत्येक शर्टला वेगळी उष्णता मिळालेली असते. काकांचे 'पयले धा शर्ट' ते हेच.

रिकाम्या फळ्या २५ वरून ६० °से.वर न्यायला प्रत्येकी सुमारे ११२ किलोज्यूल. सहा फळ्यांना ६७० च्या आसपास. फ्लॅश ३ किलोवॅटचा असेल आणि सगळी उष्णता फळीतच गेली तर चार मिनिटांपेक्षा कमी. प्रत्यक्षात बरीच हवेत जाते, त्यामुळे वेळ काही पटींनी वाढतो. तरी दहा बिघडलेल्या शर्टांपेक्षा स्वस्तच.

अजून एक हिशेब कोल्हापूरच्या पावसासाठी. सुती कापड नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के पाणी धरून असतं, जुलैत त्याहून जास्त. १७ ग्रॅम सुतात १.४ ग्रॅम पाणी. ते सगळं उडवायला सुमारे ३.४ किलोज्यूल लागतील. तेवढंच कापड आणि शाई २५ वरून ११० °से.वर न्यायला लागतात २.५ किलोज्यूल. म्हणजे न दिसणारं पाणी खुद्द कापडापेक्षा जास्त उष्णता मागू शकतं. फळी गरम असली की शर्ट चढवल्या क्षणापासून ते पाणी निघायला लागतं.

मग फळी जितकी गरम तितकं चांगलं का? नाही. साधारण ५५ ते ६० °से. पुरतं. फार तापली तर शाई जाळीतच घट्ट व्हायला लागते आणि छापलेला थर चिकट राहतो. जर्सी पॉलिएस्टरची असेल तर आणखी एक संकट. पॉलिएस्टरचा रंग उष्णतेने सुटून वरच्या पांढऱ्या शाईत शिरतो. लाल जर्सीवरचा पांढरा नंबर दोन दिवसांनी गुलाबी दिसायला लागतो. म्हणून काम जसजसं पुढे जातं तसतसा फ्लॅशचा वेळ कमी करावा लागतो. काका ते बोटाने फळी चाचपून करत होते.

आता माझी गोष्ट

माझ्या फिल्म तीन थरांच्या असतात. एक थर छापायचा, हॉट प्लेटवर १२० °से.ला वाळवायचा, मग पुढचा. हॉट प्लेट छोटी होती, म्हणून मी तिच्यावर अॅल्युमिनियमची जाड पट्टी ठेवून त्यावर काचा मांडायचो. आकडा १२० दाखवला की काम सुरू.

निकाल छान येत होते. शुद्ध ऑक्साइडच्या फिल्मचा प्रतिसाद कमी, १ टक्का भेसळ केली की बरा, ३ टक्क्यांना उत्तम. मी एका परिषदेला सारांश पाठवला, तो स्वीकारलाही गेला. मग खात्रीसाठी तेच प्रयोग पुन्हा केले. त्या दिवशी ३ टक्क्यांची पेस्ट आधी तयार होती म्हणून तिच्यापासून सुरुवात केली. निकाल उलटे! ३ टक्क्यांच्या फिल्मला भेगा, शुद्ध ऑक्साइड उत्तम.

दोन महिने मी पूड बदलली, बाइंडर बदलला, काचा आम्लात धुतल्या. एका रात्री जेवताना आईने पहिलं घावन उलथण्याने खरवडून बाजूला काढलं आणि म्हणाली, "तवा अजून धरला नाही." काकांची रिकामी फिरणारी फळी डोळ्यांसमोर आली.

दुसऱ्या दिवशी सगळी नोटबुकं काढली. सुदैवाने प्रत्येक नमुना दिवसातला कितवा, ते मी लिहून ठेवलं होतं. आकडे रचनेप्रमाणे न लावता क्रमाप्रमाणे लावले. रोजचे पहिले तीन नमुने वाईट, मग सुधारणा, सहाव्यानंतर सगळे सारखे. हॉट प्लेटचा आकडा आतल्या तारेजवळचं तापमान दाखवत होता. वरची जाड पट्टी थंडच होती. पहिल्या थरातलं द्रावक पुरतं उडायच्या आत मी दुसरा थर मारत होतो आणि भाजताना तिथे भेगा पडत होत्या. आणि मी रोज शुद्ध ऑक्साइडपासूनच सुरुवात करायचो, कारण भांडी कमी खराब होतात!

म्हणजे मी भेसळीचा परिणाम म्हणून जे मोजत होतो, त्यातला मोठा भाग पट्टी तापण्याचा परिणाम होता. सारांश मागे घेतला. ते पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. पट्टी अर्धा तास आधी तापवून, पृष्ठभागाचं तापमान वेगळ्या थर्मोकपलने मोजून आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवून सगळं पुन्हा केलं. भेसळीचा परिणाम आहे, पण आधी वाटला त्याच्या निम्म्याहून कमी.

हे पेपरात का नसतं?

मी माझ्या क्षेत्रातले डझनभर पेपर पुन्हा वाचले. '१२० °से.ला १० मिनिटं वाळवलं' असं सगळीकडे आहे. काय १२० होतं, प्लेट की फिल्म, आणि किती वेळापासून, ते नाही. लिहिणाऱ्यांना ते ठाऊक असणार. हाताला ठाऊक असलेलं ज्ञान लिहिण्यासारखं वाटत नाही, एवढंच.

हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये यावरच एक अभ्यास छापला. टीईए नावाचा लेझर ब्रिटनमधल्या प्रयोगशाळा बांधायचा प्रयत्न करत होत्या. छापील माहिती सर्वांकडे होती. पण नुसत्या छापील माहितीवर कोणालाच तो चालवता आला नाही. ज्यांना जमलं त्या सगळ्यांचा आधी लेझर चालवलेल्या कोणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता. आपल्याकडे हे कळायला लांब जायची गरज नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत जा. वितळलेलं लोखंड ओतायच्या आधी रिकामी लॅडल तापवतात, कारण आत ओल राहिली तर वाफ होऊन धातू अंगावर उडतो. तिथे नवीन पोराला हे पहिल्याच दिवशी बजावून सांगतात. आमच्याकडे नमुना बिघडतो तेव्हा कोणी भाजत नाही, म्हणून कोणी बजावतही नाही.

तुम्ही संशोधनाला लागणार असाल तर माझ्याकडून चार गोष्टी घ्या.

एक, प्रत्येक नमुन्याचा त्या दिवसातला क्रमांक लिहा. मला वाचवलं ते या एका सवयीने.

दोन, क्रम सोयीने ठरवू नका, चिठ्ठ्या टाका. रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांसाठी हे १९३५च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. मी ते एम.एस्सी.ला पाठ केलं होतं आणि प्रयोगशाळेत विसरलो होतो.

तीन, उपकरणाचा आकडा नेमका कुठला आहे ते विचारा. शक्य असेल तर नमुन्याच्या जागी स्वतः मोजा.

चार, तुमचीच प्रक्रिया पोटासाठी करणारा कोणी जवळपास असेल तर त्याच्याकडे एक दिवस बसा. छपाईवाला, फाउंड्रीवाला, रंगारी, कोणीही. तो सकाळी आल्या आल्या, काम सुरू व्हायच्या आधी काय करतो ते बघा आणि का करतो ते विचारा.

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मी आता एक वाक्य घातलं आहे: आधारपट्टी ३० मिनिटं आधी तापवली, आणि पृष्ठभागाचं तापमान स्थिर झाल्यावरच पहिला नमुना ठेवला. काकांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "येवढंच? ह्याला दोन म्हैनं लागलं व्हय?" आणि पुढचा शर्ट चढवला.